आधी पगार, मग माणूस

"खुनातला असेल तर पाठवा ताई, चोरीतला नको."

मालकांकडे काम मागायला गेलं की हे वाक्य या ना त्या शब्दांत ऐकू येतंच. भोसरीतला फॅब्रिकेशनवाला असो, मंडप डेकोरेटर असो की कॅम्पातला बेकरीवाला. आमच्याकडे नव्याने काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींना हे ऐकून धक्का बसतो. मला आता त्यात वावगं वाटत नाही. मालकाचा हिशेब सरळ असतो. खून बहुतेकदा एकदाच होतो. बांधावरून, भाऊबंदकीतून, दारूच्या भरात. ज्याच्याशी वैर होतं तो गेला, आता हा माणूस माझ्या वाटेला कशाला जाईल? चोरी मात्र सवयीची, आणि गल्ला तर माझाच. तुरुंगातसुद्धा हाच हिशेब चालतो. स्वयंपाकघर, गोदाम, कारखान्यातली हत्यारं अशी भरवशाची कामं जन्मठेपवाल्यांकडे जातात. दोन महिन्यांसाठी आलेल्या पाकीटमाराला तिथे कोणी विचारत नाही.

2024 च्या जुलैत दंडसंहिता जाऊन न्यायसंहिता आली आणि खुनाचं कलम 302 चं 103 झालं. पण बोलण्यात 'तीनशेदोन' ते तीनशेदोनच. मालकही तसंच विचारतात, "तीनशेदोनवाला आहे ना?" जणू काही ती आयटीआयसारखी पात्रता आहे.

तुरुंगातून सुटून आलेल्यांना काम मिळवून देणं आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हा माझा इतकी वर्षं पोटापाण्याचा उद्योग आहे. आमची संस्था छोटी, येरवड्यापासून रिक्षाच्या अंतरावर दोन खोल्यांत चालते. महाराष्ट्रात या कामाची वाट मळलेली आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प मुंबईत 1990 पासून चालतो, आणि आमच्यासारख्या बऱ्याच जणांनी तिथल्या लोकांकडे बघूनच पाऊल टाकलं. सरकारी बाजूने जिल्हा परिविक्षा अधिकारी असतात, महिला व बालविकास खात्याचे. त्यांच्याकडून सुटलेल्या बंद्याला छोट्या धंद्यासाठी मदतही मिळू शकते. पण एकेका अधिकाऱ्याच्या गळ्यात बालविवाहापासून बालगृहापर्यंत इतकी कामं असतात, की बंद्याची फाईल वर यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणसाला जेवायचं असतं.

आमचा एक नेम आहे. मालकाला सगळं सांगायचं, सोबतच्या कामगारांना काही सांगायचं नाही. यावर आमच्यातच वाद होतात. काही सहकारी म्हणतात, शिक्षा भोगून झाली, आता मालकाला तरी का सांगायचं? मला हे पटत नाही. वर्षभराने गावचा कोणी कारखान्यात भेटतो, बोलता बोलता बोलून जातो, आणि मग मालकाला राग येतो तो खुनाचा नाही, लपवल्याचा. त्याने दार बंद केलं की त्याच्या मागच्या दहा जणांसाठीही ते बंद होतं. सांगूनसवरून घेतलेला माणूस मालक सहसा काढत नाही. उलट थोडी फुशारकीच मारतो, आपल्या विश्वासातल्या माणसांत, हळूच.

काही कामं मात्र दारातच अडतात. सिक्युरिटी गार्डची नोकरी सगळ्यांना सोपी वाटते, पण खासगी सुरक्षा संस्थांच्या 2005 च्या कायद्यात चारित्र्य पडताळणी सक्तीची आहे, म्हणून ती वाट आम्ही सुचवतच नाही. मोठ्या कंपन्यांचे ठेकेदार पोलिसांचा दाखला मागतात. राहिले छोटे मालक, ज्यांच्या धंद्यात मालक स्वतः सकाळी शटर उघडतो. माझी सगळी भिस्त त्यांच्यावर.

त्याच्याही आधी कागद. 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली. त्याच्या आधी आत गेलेल्या माणसाने हा शब्दच आत ऐकलेला असतो. आता तुरुंगांमध्ये आधारची शिबिरं होतात, पण कार्डाला मोबाईल नंबर जोडायचा तो कोणाचा? पुतण्याचा दिलेला असतो. पुतण्या तोवर सुरतेला गेलेला, नंबर बदललेला. ओटीपी कुठेतरी तिसऱ्याच माणसाच्या फोनवर जाऊन पडतो. रेशनकार्डावरून नाव कमी झालेलं, मतदारयादीतून गेलेलं. बँकेत खातं उघडायला पत्त्याचा पुरावा हवा, खोली भाड्याने घ्यायला ओळखपत्र हवं, आणि ओळखपत्राला पत्ता हवा. आमच्याकडे एक मुलगी फक्त हेच करते. माझ्या मते संस्थेतलं सगळ्यात महत्त्वाचं काम तिचं आहे, आणि देणगीदारांना दाखवायला सगळ्यात रटाळही तेच.

आता सुतारकाकांविषयी सांगते. मूळ साताऱ्याकडचे, वय साठीच्या अलीकडे. तुरुंगात गेले तेव्हा शेतकरी होते, सुतारकाम शिकले ते आत. येरवड्याच्या आणि नाशिकरोडच्या कारखान्यांत तयार होणारं लाकडी सामान सरकारी कचेऱ्यांत आणि कोर्टांत जातं. काकांनी आयुष्याची उमेदीची वर्षं सागवानावर रंधा मारण्यात घालवली. हाताला अशी सफाई, की खुर्चीच्या पायाचा सांधा बोटाने चाचपला तरी कळू नये. तुरुंगातल्या गुरुजींनी दाखला दिलेला, तो त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिच्यावर दुसरी पिशवी अशा बेताने जपलेला.

हा दाखला घेऊन आम्ही हडपसरच्या एका फर्निचरवाल्याकडे गेलो. चांगला माणूस. त्याने दाखला वाचला, चहा सांगितला आणि काकांना आत नेऊन काम दाखवलं. आत सागवान नव्हतंच. प्लायवूड आणि एमडीएफच्या थप्प्या, एका बाजूला कापायचं मशीन, दुसऱ्या बाजूला कडांना पट्टी चिकटवायचं मशीन, आणि मधे विशीतली उत्तर प्रदेशातली चार पोरं कानात हेडफोन घालून स्क्रू मारत होती. एका कपाटाला लागणारा वेळ त्यांनी सांगितला तेव्हा काका माझ्याकडे बघायला लागले. मालक म्हणाला, "काका, तुमचा हात फार वरचा आहे. माझ्याकडे तेवढं काम नाही."

परत येताना बसमध्ये काका काही बोलले नाहीत. बस थांबली तरी जागचे हलले नाहीत. सगळे उतरले, ते उभे राहिले आणि वाट बघत राहिले. मी म्हटलं, "उतरा ना." तेव्हा उतरले. आतून आलेल्या माणसाला ही सवय मोडायला फार दिवस लागतात. दार आपण होऊन उघडायचं असतं, पाणी विचारून प्यायचं नसतं. रात्री दिवा बंद केला की त्यांना झोप लागत नाही, कारण बराकीत रात्रभर दिवा असतो. संध्याकाळी पाच-साडेपाचला भूक लागते, कारण आतलं जेवण तेव्हाच मिळतं. मालक विचारतात, "हा दुपारचा डबा संध्याकाळपर्यंत का राखून ठेवतो?" हे त्याचं उत्तर.

शेवटी काकांना काम मिळालं ते देव्हारे करणाऱ्याकडे. तिथे सागवान लागतं, कोरीव कमानी लागतात आणि गिऱ्हाईक घासाघीस फारशी करत नाही. मालकाचा बाप स्वतः जुना सुतार. त्याने काकांच्या हातात पटाशी दिली, कोपऱ्यात बसवलं आणि दुपारपर्यंत काही विचारलं नाही. दुपारी येऊन कमान उलटीसुलटी करून बघितली आणि मुलाला म्हणाला, "ह्यांना रोजावर नको, महिन्यावर ठेव." मला मात्र तेव्हापासून एक गोष्ट टोचते. आतल्या कारखान्यांत जे शिकवतात ते चांगलं शिकवतात, पण बाहेर काय चालतं याचा त्याच्याशी फार संबंध उरलेला नाही. काकांना देव्हारेवाला भेटला. सतरंजी विणायला शिकलेल्याला कोण भेटणार?

आतल्या मजुरीचंही असंच. 2023 च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या तुरुंगांची मजुरी वाढली तेव्हा कुशल बंद्याचे दिवसाचे 67 चे 74 रुपये झाले. एवढ्यातून आतलं कॅन्टीन भागवायचं, आणि जमलं तर घरी पाठवायचे. तरी लोक पाठवतात. राज्य सहकारी बँकेने 1 मे 2022 ला येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना सुरू केली. बंद्याच्या आतल्या मजुरीवर सात टक्क्यांनी पन्नास हजारांपर्यंत कर्ज, कुटुंबाच्या गरजेसाठी. बऱ्याच जणांनी यावर नाकं मुरडली. कैद्याला कर्ज कशाला, म्हणाले. मला ती योजना फार शहाणपणाची वाटते, आणि त्याचं कारण माझ्या या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे.

साधारण रिवाज असा, की माणूस सुटला की त्याला आधी घरी पोचवायचं. स्वयंसेवक सोबत जातात, फोटो निघतो, आई रडते, शेजारी जमतात. मग महिन्याभरात फोन येतो, "ताई, ह्याला घेऊन जा." असं का होतं? कारण तो गेला तेव्हा घर अर्धवट कोसळलं होतं आणि त्याच्यावाचून ते पुन्हा उभं राहिलेलं असतं. बायकोने मजुरी केली, भिशी लावली, पोरांना आश्रमशाळेत घातलं. धाकट्या भावाने शेत कसलं. घरातली प्रत्येक जागा आता कोणी ना कोणी भरलेली आहे. त्यात हा येऊन बसतो, कामाशिवाय, आणि चौदा वर्षांपूर्वीच्या हक्काने बोलायला लागतो. पोरगी कॉलेजात का जाते, भाऊ असं का करतो. रिकाम्या हाताने आलेल्या माणसाचा हक्क कोणाला सोसत नाही.

म्हणून मी उलटं करते. आधी काम, घरापासून लांब. पहिल्या पगारापासून ठरलेली रक्कम बायकोच्या किंवा आईच्या खात्यावर. फोन नाही, निरोप नाही, भेटायची मागणी नाही. पैसे बोलतील तेवढंच. काही महिन्यांनी तिकडून फोन येतो, किंवा येत नाही. आला तर पुढची पायरी.

काकांच्या बायकोचा फोन चौथ्या का पाचव्या महिन्यात आला, मलाच. घरात फोन मुलीचा होता, म्हणून मुलगी बाहेर गेल्यावर शेजारणीच्या फोनवरून केलेला. बाई बँकेत गेली होती, पासबुक छापून घ्यायला. मशीनमधून निघालेल्या ओळी तिने कारकुनाकडून वाचून घेतल्या. फोनवर ती पहिल्याप्रथम हेच म्हणाली, "पासबुकात चढतंय ते त्यांचंच का?" मी हो म्हटलं. मग ती गप्प झाली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "पाठवू द्या. उपकार न्हाईत. पोरीची फी भरते मी त्यातनं." आणि फोन ठेवला.

या कामात मी ऐकलेल्या सगळ्यात आशादायक वाक्यांपैकी ते एक होतं. तिने पैसे परत करायला सांगितले नाहीत. 'त्यांचंच का' असं विचारलं, 'त्याचं' म्हणाली नाही.

पहिली भेट घरी ठरवायची नाही. घर तिचं असतं, तिथे त्याने पाहुण्यासारखं बसायचं की मालकासारखं, हा पेच पहिल्याच दिवशी नको. आमच्या कचेरीत ठरवली तर तिला वाटतं संस्थेच्या लोकांसमोर आपल्याला माफ करायला लावणार. म्हणून एसटी स्टँड. तिथे बसायला बाक असतात, चहा मिळतो, गर्दीत कोणी बघत नाही, आणि नकोसं झालं तर उठून गाडीत बसता येतं. काका आणि त्यांची बायको स्वारगेटला भेटले. मी लांब पुस्तकाच्या स्टॉलपाशी उभी होते. त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. जाताना तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि आतलं काहीतरी काढून परत दिलं. नंतर कळलं, काकांनी मुलीसाठी फ्रॉक आणला होता. मुलगी तेव्हा एकवीस वर्षांची.

भावाचं प्रकरण याहून अवघड. भाऊ भेटायला येत नाही, फोन उचलत नाही, तेव्हा लोक म्हणतात, लाज वाटते त्याला. लाज असतेच, पण बहुतेकदा तिच्याखाली सातबारा असतो. काकांच्या भावाने वकिलाच्या फीपायी अर्धा एकर विकलेला. राहिलेल्या जमिनीवर विकास सोसायटीचं कर्ज त्याने एकट्याने फेडलेलं. आईचं आजारपण, तिचे दिवस, सगळं त्यानेच केलेलं. आता थोरला येऊन निम्मी वाटणी मागेल, ही त्याची धास्ती. कायद्याने थोरल्याचा हिस्सा आहेच. पण मी त्या भावाला खलनायक मानायला तयार नाही. त्यानेही शिक्षा भोगलेली असते, फक्त त्याची कुठे नोंद नसते.

काकांनी जमिनीचा विषय काढला नाही. आम्हीही काढू दिला नाही. पहिल्या दिवाळीला घरी एक रात्र राहून ते परत कामावर आले. दुसऱ्या वर्षी भावानेच त्यांना पेरणीला बोलावलं, आणि वाटणीचं त्यांनी आपसांत काय ठरवलं ते मला सांगितलं नाही, हे मला बरंच वाटलं.

गावात आणखी एक घर असतं, ज्याविषयी कोणी बोलत नाही. ज्याचा खून झाला त्याचं. बांधावरच्या भांडणात मेलेला माणूस लांबचा नसतो. तो भावकीतला किंवा दोन घरं सोडून राहणारा असतो. त्याची बायको, त्याचे आईबाप तिथेच राहतात. त्या घराला जाणत्या माणसांकरवी विचारल्याशिवाय कोणाला गावात न्यायचं नाही, हा आमचा नियम. एका गावातल्या म्हातारीने निरोप दिला, "येऊ द्या, पर माझ्या दारावरनं जायचं न्हाई." तो माणूस आजही कॅनॉलच्या कडेने लांबचा वळसा घालून घरी जातो. कोणी म्हणेल, हे कसलं पुनर्वसन? माझ्या लेखी तो वळसा हेच पुनर्वसन आहे. तिला तेवढा शब्द टाकायचा हक्क होता, आणि तो पाळण्याइतका हा माणूस शहाणा झाला.

माणूस आणि कुटुंब वेगळं न करण्याचा प्रयोग आपल्याकडे फार जुना आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीत बंदी बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. औंध संस्थानात 1939 मध्ये ती सुरू झाली, भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या गांधीवादी माणसाच्या कल्पनेतून. व्ही. शांतारामांनी 1957 मध्ये काढलेल्या 'दो आँखें बारह हाथ'च्या मागे तीच वसाहत होती, आणि कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच माणदेशाचे. चित्रपट सगळ्यांना माहीत आहे, वसाहत फार कमी लोकांना. शांतारामबापूंचा जेलर आपल्या नजरेच्या धाकाने माणसं सुधारतो. खऱ्या वसाहतीतलं सूत्र याहून साधं होतं असं मला वाटतं: संध्याकाळी कामावरून परत यायला घर होतं, आणि घरात भाजीला पैसे या कामातूनच येत होते.

रजेचंही हेच आहे. 1959 च्या नियमांप्रमाणे बंद्याला संचित रजा आणि अभिवचन रजा मिळू शकते; आत त्यांना फर्लो आणि पॅरोल म्हणतात. त्यासाठी नातेवाईक जामीनदार लागतो आणि गावच्या पोलिसांचा अहवाल लागतो. ज्याला रजा मिळत राहिली, त्याची पोरं बापाला ओळखतात. ज्याचा अहवाल दरवेळी प्रतिकूल येत गेला, तो मुलांच्या लेखी फक्त एक फोटो असतो. 2020 मध्ये करोनात तुरुंगांतली गर्दी कमी करण्यासाठी अनेकांना तातडीची अभिवचन रजा दिली गेली, ती लांबत गेली आणि 2022 च्या मे महिन्यात सगळ्यांना परत बोलावलं. दोन वर्षं! एक जण त्या काळात दूध संकलन केंद्रावर लागला होता, पहाटे चारला कॅन उचलायचा. परतीचा हुकूम आला तेव्हा त्याने केंद्राच्या चेअरमनला आदल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी पुरी केली आणि मग एसटीने येऊन हजर झाला. पुढे त्याची कायमची सुटका झाली तेव्हा आम्हाला काही करावंच लागलं नाही. कॅन तिथेच होते.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असं घरची माणसं धरून चालतात, आणि पंधरावं उजाडलं की त्यांना वाटतं, ह्याने आत काहीतरी केलं असणार. कायद्यात चौदा ही मुदतीआधीच्या सुटकेची किमान मर्यादा आहे, गुन्ह्याच्या वर्गाप्रमाणे ती पुढे जाते. हे घरी जाऊन समजावणं हेही आमचंच काम.

कच्च्या कैद्यांविषयी थोडंच लिहिते, कारण जास्त लिहिलं तर राग येतो. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार माणसं होती आणि त्यांतली 75.8 टक्के न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही अशी. त्यांना आत सहसा काम नसतं, म्हणून मजुरी नसते, आणि तीन-चार वर्षांनी निर्दोष सुटले तरी हातात दाखवायला सुतारकाकांसारखा एक दाखलासुद्धा नसतो. मालक म्हणतो, निर्दोष होता तर इतकी वर्षं आत कसा?

हे सगळं मी पुरुषांविषयी लिहिते आहे हे माझ्या लक्षात आहे. बाईच्या बाबतीत माझा हा हिशेब चालत नाही. पुरुषाला भेटायला बायको येते, आई येते, डबा आणू देत नाहीत तरी आणते. बाईच्या मुलाखतीला नवरा क्वचितच येतो. आला तर घटस्फोटाचे कागद घेऊन. आमच्याकडची एक बाई आतली मजुरी वर्षानुवर्षं सासरी पाठवत होती, थोरल्या मुलीसाठी. सासरच्यांनी पैसे घेतले. सुटल्यावर ती दारात गेली तेव्हा दिराने सांगितलं, "पोरीचं लग्न ठरतंय, तुझं तोंड दिसायला नको." पैशाने पुरुषासाठी दार किलकिलं होतं, तिच्यासाठी झालं नाही.

धाकटा मुलगा तिच्यासोबत आत वाढला होता. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ तुरुंगात राहू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये त्याचे नियम घालून दिले आहेत. सहा पुरी झाली की त्याला बाहेर पाठवावं लागतं. तो बालगृहात गेला. बाहेर नातेवाईक सांभाळत असतील तर बंद्यांच्या मुलांना बालसंगोपन योजनेत महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात; ह्याला सांभाळायलाच कोणी पुढे आलं नाही. त्याला आणायचं तर आईला खोली हवी, उत्पन्न हवं, तेव्हा बालकल्याण समिती ताबा देणार.

घरकाम तिला मिळेना. सोसायट्यांच्या फाटकावर आता ॲप आलेत, फोटो, आधार, पोलीस पडताळणी. आम्ही तिला पोळीभाजी केंद्रात लावलं. मालकीण विधवा, फटकळ, सगळ्यांवर ओरडणारी. तिने विचारलं, "मारलं कुणाला?" बाईने सांगितलं, नवऱ्याच्या भावाला, थोरल्याला. कशासाठी, हेही सांगितलं. मालकीण म्हणाली, "उद्यापास्नं सकाळी सहाला. केसं बांधून यायचं." एवढीच मुलाखत.

पोळ्या लाटण्यात तिचा हात चालतोच, कारण तुरुंगात शेकडो माणसांचा स्वयंपाक केलेला. पण तिथल्या पोळ्या जाड. इथे पातळ, घडीच्या, एकसारख्या लागतात. सुरुवातीला तिच्या पोळ्या मालकीण कामगारांच्या डब्यात टाकायची. पुढे तिच्याच पोळ्या एका बँकेच्या लोकांना आवडायला लागल्या. खोली घेतली. समितीच्या तारखा झाल्या. मुलगा सोळाव्या वर्षी तिच्याकडे राहायला आला.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, सकाळच्या गर्दीच्या वेळी, मागे कुकरच्या शिट्ट्या. मुलगा आता आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला. "ताई, तुम्ही त्याला जरा झापा. रात्री दोन दोन वाजेस्तोवर फोन बघत बसतो. केस रंगवून आलाय. आणि म्हणतो, माझ्या खोलीचं दार मी लावून झोपणार. दहा बाय दहात कसली रे तुझी खोली, म्हटलं. पडद्यामागं खाट आहे, त्याला खोली म्हणतो. ऐकतच नाही."

मी म्हटलं, मी कशाला झापू, तू आई आहेस ना, तू झाप. "झापते की," ती म्हणाली, "पण उलट बोलतो." मग मागून मालकिणीचा आवाज आला, फोन ठेव म्हणून. तिने ठेवला.